मध्यवस्तीतलं, खिशाला झेपणारं, भरवशाचं हॉटेल: तुमचे अनुभव लिहा

दादर, २०२२ ते २०२४

बाबांच्या उपचारांसाठी आम्ही या काळात अकोल्याहून अठरा वेळा मुंबईला आलो. रात्री विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसायचं, सकाळी लवकर दादरला उतरायचं आणि परळला टाटा रुग्णालय गाठायचं. पहिल्या तीन फेऱ्यांत तीन हॉटेलं करून पाहिली. चौथ्या वेळी दादर पूर्वेला स्टेशनपासून पायी सहा-सात मिनिटांवर एक जुनं चार मजली हॉटेल मिळालं आणि मग दुसरीकडे गेलोच नाही.

खोली लहानच होती, पण चेक-आउट चोवीस तासांचं. रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांना यात काय सोय आहे ते कळेल. जिथे दिवस दुपारी बाराला सुरू होतो, तिथे सकाळी सहाला पोचलं की एक तर आदल्या दिवसाचं भाडं भरा, नाहीतर पेशंटला घेऊन लॉबीत बसून राहा. आम्ही ते दोनदा केलं होतं.

केमोनंतर बाबांना कुठल्याही उग्र वासाने मळमळायचं. पहिल्या मुक्कामात मी ते काउंटरवर एकदाच बोललो होतो. पुढच्या खेपेला किल्ली देताना काका म्हणाले, "दोनशे चार नंबर साध्या पाण्याने पुसून ठेवलाय, फिनेल टाकू दिलं नाही." त्यानंतर प्रत्येक वेळी तसंच. मेनूत नसलेली तांदळाची पेजही सांगितल्यावर वर यायची.

तुम्हाला असं ठिकाण कुठे मिळालं? एकाच हॉटेलात पुन्हा पुन्हा का गेलात? शहर आणि साल घालून लिहा. फार महागडी नकोत आणि अगदी डॉर्मिटरीही नकोत.

औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), २०१८

रविवारी संध्याकाळी पोचलो. सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असं ठरवून हॉटेलकडूनच गाडी सांगितली होती. रजिस्टरमध्ये नाव लिहिता लिहिता काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "सोमवारी अजिंठा? सोमवारी लेणी बंद असतात. आणि मंगळवारी वेरूळ बंद." म्हणजे आमचे दोन्ही दिवस नेमके उलटे पडले होते! त्याने गाडीवाल्याला फोन करून दोन दिवसांची अदलाबदल करून दिली. अजिंठा तिथून शंभरेक किलोमीटर. लहान मुलांना घेऊन बंद दारापर्यंत जाऊन परत आलो असतो. तो मुलगा अजून आठवतो.

कोल्हापूर, २०२३

मध्यवर्ती बसस्थानकाजवळ उतरलो होतो. आई चौऱ्याहत्तर वर्षांची, तिला अंबाबाईच्या काकड आरतीला आंघोळ करूनच जायचं होतं. बाथरूमच्या दारावर पाटी: गरम पाणी ५ ते ९. रात्री खाली जाऊन विचारलं तर "बघू" म्हणाले, त्यामुळे मी फारशी आशा धरली नव्हती. पहाटे पावणेचारला दारावर टकटक झाली. स्वयंपाकघरात तापवलेल्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन मुलगा उभा. पैसे दिले ते घेईना. आईने शेवटी प्रसादाचा लाडू हातावर ठेवला, तो घेतला.

नागपूर

सीताबर्डीत उतरा. मेट्रोच्या दोन्ही मार्गिका तिथेच मिळतात, विमानतळावरूनही मेट्रोनेच येता येतं. मात्र डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असताना आणि दसऱ्याला दीक्षाभूमीच्या गर्दीत आयत्या वेळी खोलीची आशा धरू नका.

पुणे, डेक्कन, २०२४

आम्ही मूळ सांगलीचे, आता न्यू जर्सीत. मुलांचे पासपोर्ट अमेरिकन. दोन हॉटेलांनी पासपोर्ट पाहून दारातूनच परत पाठवलं. मुलं मराठी बोलतात, आजोळी चाललीत, काही उपयोग झाला नाही. मला फार लागलं ते. तिसऱ्या ठिकाणी मॅनेजर शांतपणे म्हणाले, "सी फॉर्म भरावा लागेल, बसा, दहा मिनिटांचं काम आहे." परदेशी नागरिक मुक्कामाला आला की हॉटेलने चोवीस तासांत हा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. छोट्या ठिकाणी ती व्यवस्था नसते, म्हणून ते नाहीच म्हणतात. परदेशातून येणाऱ्यांनी बुकिंगआधी फोन करून एवढं जरूर विचारा.

पणजी, २०२४

मी कामासाठी एकटी फिरते. बस पहाटे पाचला कदंब स्टँडवर पोचली. अठरा जून रस्त्याजवळच्या हॉटेलला फोन केला तर म्हणाले, "बाई, अंधारात चालत येऊ नका, आमचा माणूस येतो." तो आला. खोलीची आतली कडी मात्र नीट बसत नव्हती. मी सामान उघडण्याआधी कडी पाहतेच. सांगितल्यावर एकही प्रश्न न विचारता खोली बदलून दिली आणि दुपारी सुतार आलेलाही दिसला. आणखी एक: ओळखपत्र म्हणून मी मास्क केलेलं आधार देते, त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. त्यांनी ते लगेच स्वीकारलं.

पुणे स्टेशन, २०११ ते २०१५ (मी काउंटरच्या आत होतो)

चार वर्षं रात्रपाळी केली, म्हणून आतलं थोडं लिहितो. चांगल्या हॉटेलात एका पलंगामागे चादरींचे तीन जोड असतात: एक अंथरलेला, एक धोब्याकडे, एक कपाटात. जिथे दोनच असतात, तिथे पावसाळ्यात ओलसर चादर तुमच्या वाट्याला येते. जुलै-ऑगस्टमध्ये पलंगावर हात फिरवून बघा. झोप सावध असेल तर "मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांबची" असं स्पष्ट मागा. उन्हाळ्यात सर्वांत वरचा मजला नको, छत तापलेलं असतं. आणि बिल घ्या. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बारावरून पाच टक्के झाला आहे. अठराशेच्या खोलीवर २१६ रुपये लागायचे, आता ९० लागतात. जुनाच आकडा लावला असेल तर दाखवून द्या.

दादरच्या काकांबद्दल वाचून बरं वाटलं. आमच्याकडेही रजिस्टरच्या मागच्या पानांवर अशा नोंदी असायच्या: कोणाला उशी नको, कोणाला पहाटे चारला उठवायचं. त्या लिहून ठेवायला कोणी सांगितलेलं नसायचं.

दादरबद्दल विचारायचं होतं

पुढच्या आठवड्यात सासूबाईंना टाटाला न्यायचंय, पहिलीच वेळ. त्या व्हीलचेअरवर असतात. लिफ्ट आहे का?

आहे, पण जुनी, जाळीच्या दाराची. व्हीलचेअर आत जात नाही. पहिल्या मजल्याची खोली मागा. जिन्याला अकरा पायऱ्या आहेत, मुलं खुर्चीसकट उचलून नेतात, बाबांना न्यायची. वासाचा त्रास असेल तर आदल्या दिवशी फोनवरच सांगून ठेवा. सकाळी टॅक्सी हॉटेलच्या दारात मिळते, नाक्यापर्यंत जावं लागत नाही. नाव आणि नंबर तुम्हाला वेगळा कळवतो.