पहिल्या दिवसापासून नगराध्यक्ष नसतो

मोठ्या गावाची नगरपंचायत, म्हणजे छोट्या शहराची कारभार संस्था, करणारी सरकारी अधिसूचना निघाली की सरपंचाचा नगराध्यक्ष होतो, असं कोणी म्हणालं तर ते बरोबर नाही. नगरपंचायत झाली की ग्रामपंचायतच संपते. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानुसार निवडणूक होईपर्यंत कारभार प्रशासक बघतो, बहुतेक वेळा तहसीलदारच. मग १७ प्रभागांतून नगरसेवक निवडून येतात, मुख्याधिकारी मात्र सरकार नेमतं. नागपूरसारख्या महापालिकेच्या २५ किलोमीटरच्या आतलं, दहा ते पंचवीस हजार वस्तीचं गाव असेल, तर नगरपंचायत होण्यासाठी शेतीबाहेर कामं करणारे २५ टक्के असले तरी चालतात. लांबच्या गावाला ही अट ५० टक्क्यांची आहे. म्हणूनच शहराच्या कडेची गावं या वाटेने लवकर जातात.

आमचं गावही त्यातलंच. पण आम्हाला सगळ्यात जास्त जाणवलं ते ग्रामसभा जाणं. नगरपंचायतीत ती नसतेच. माझे बाबा दर ग्रामसभेत नालीचा विषय उभं राहून मांडायचे. प्रशासकाच्या काळात तोच अर्ज घेऊन ते एकटेच टेबलासमोर उभे राहिले, मागे गाव नव्हतं. कराची नवी आकारणी नंतर आली, तिची सवय झाली. ग्रामसभेची उणीव अजून जाणवते.