सीमाभागातील रेडिओ समालोचन : सांगली आणि धारवाड

बेळगाव परिसरात खेळांचे मराठी समालोचन केवळ मुंबई-पुण्याच्या केंद्रांमुळे पोहोचले, असे मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. रेडिओच्या मध्यम लहरी (मीडियम वेव्ह) दिवसा जमिनीलगतच प्रवास करतात, कारण आयनांबराचा, म्हणजे वातावरणातील वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, खालचा थर त्यांना शोषून घेतो; रात्री तो थर विरळ झाला की त्याच लहरी वरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात. कसोटी सामने मात्र भरदिवसा खेळले जात, त्यामुळे जवळच्या केंद्राला महत्त्व आले आणि १९६३ साली सुरू झालेले सांगली केंद्र निपाणी-चिकोडी पट्ट्याला विशेष सोयीचे ठरले.

धारवाडचे केंद्र त्याआधीचे, १९५० मधले. तेव्हा बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले आणि प्रशासन बदलले, पण लहरींना सीमा नव्हती. खानापूर तालुक्यातल्या आमच्या घरी एकाच ट्रान्झिस्टरवर काटा किंचित फिरवला की कन्नड आणि मराठी दोन्ही ऐकू येत, आणि या दुहेरी श्रवणाची नोंद आपल्या क्रीडा इतिहासात व्हायलाच हवी असे मला मनापासून वाटते.

बाळ ज. पंडित यांचा उल्लेखही येथे आवश्यक आहे. त्यांच्या आकाशवाणीवरील समालोचनाने क्रिकेटला मराठी शब्दकळा दिली. मैदान कधीही न पाहिलेल्या श्रोत्याला चेंडूची दिशा भाषेतूनच दिसू लागली.