इंडिकाचा हातपंप हवा घेतोय, पार्ट येईपर्यंत बायपास करून चालवावी काय?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. गाडी जुनी इंडिका डिझेल, १४०५ सीसी, रोटरी पंपवाली (म्हणजे इंजिनला दाबानं डिझेल देणारा पंप). पाऊस लागल्यापासून रात्री उभी केली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. फिल्टरजवळचा, लाइनमधली हवा काढायचा हातपंप कडक होईपर्यंत दाबला की चालू होते, पण चढाला गचके देते. परवा किणयेच्या अलीकडे बंदच पडली.

हातपंपाच्या बुडाशी बारीक चीर दिसतेय. खाली मात्र डिझेलचा एक थेंब नाही. म्हणून मेस्त्री म्हणतो रोटरी पंपच गेलाय, उतरवून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत टेस्टिंगला टाकूया. हातपंप बेळगावात मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवलाय, कधी येईल ते दुकानदार सांगत नाही. वडिलांना डायलिसिसला बेळगावला न्यावं लागतं, त्यामुळं गाडी उभी ठेवून चालणार नाही. हातपंप काढून पाइप सरळ जोडला तर चालेल काय? एकजण म्हणतो फिल्टरसुद्धा वगळ, डिझेल मोकळं येईल.

खडेबाजारवाला

चिरेवर इपॉक्सी लावून बघा की. वरून चिकटपट्टी गुंडाळा, भागेल तेवढ्यावर.

निपाणीचा फिटर

इपॉक्सी डिझेल लागलेल्या जागी धरत नाही. वडिलांना घेऊन जायच्या गाडीवर त्याचा भरवसा नको.

जांबोटीकर, पंप उतरवू नका. थेंब पडत नाही म्हणजे गळती नाही, हा हिशेब टाकीपासून पंपापर्यंतच्या लाइनला लागू होत नाही. तुमच्या टाकीत मोटर नाही. रोटरी पंपाच्या पोटातला व्हेन पंपच डिझेल ओढून आणतो. म्हणजे ही सगळी लाइन ओढीखाली असते. तिथं चीर पडली की डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. रात्री त्याच वाटेनं हवा शिरते, लाइनमधलं डिझेल टाकीकडं उतरतं आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. चांगले पंप याच गैरसमजापायी उघडले जातात, गरिबाचे पैसे जातात, आणि जुना दोष आहे तिथंच राहतो. हे बघून जीव तुटतो.

खात्री अशी करा. फिल्टरकडून पंपाकडं जाणाऱ्या पाइपात वीतभर पारदर्शक नळी घाला आणि गाडी चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे धरू नका. चार-पाच मिनिटं चालू दे, मग रेस करत नळीकडं बघा. लाइन नीट असेल तर नळी भरलेली आहे की रिकामी हेसुद्धा पटकन कळत नाही, डिझेल इतकं नितळ दिसतं. हवा घेत असेल तर तांदळाच्या कणीएवढे बुडबुडे एकामागून एक येतात, आणि रेस वाढवली की वाढतात. मग तीच नळी हातपंपाच्या अलीकडं, टाकीच्या बाजूला लावा. तिथं बुडबुडे नसतील तर दोष मधल्या भागात. तिथंही दिसले तर हातपंपाला दोष देऊ नका, टाकीजवळचा रबरी तुकडा आणि त्याच्या क्लिपा आधी तपासा.

तरीही मेस्त्री ऐकेना तर स्वच्छ कॅनमधून फिल्टरला थेट डिझेल द्या, रिटर्नचा, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीकडं परत नेणारा पाइप त्याच कॅनमध्ये सोडा. तशी गाडी सुरळीत चालली तर पंपाला हात लावायचं कारणच नाही. पण हे शेडमध्ये, उभ्या गाडीवर. बॉनेटखाली कॅन बांधून रस्त्यावर निघायचं नाही, शेजारी तापलेला एक्झॉस्ट असतो.

आता बायपास. हातपंप हवा काढण्यापुरता असतो, इंजिन चालू असताना डिझेल नुसतं त्याच्यातून जातं. तो वेगळा बोल्टवर बसवलेला असेल तर टाकीकडचा पाइप सरळ फिल्टरच्या इनलेटला जोडा. होज डिझेलचाच घ्या, पाइपाच्या मापाचा, दोन्ही टोकांना स्क्रूच्या क्लिपा. पारदर्शक नळी चाचणीपुरतीच. ती डिझेलनं कडक होते, उष्णतेनं क्लिपेतून सुटते.

फिल्टर मात्र अजिबात वगळू नका. पंपाच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या, वंगण त्याला डिझेलचंच. आपल्याकडं पावसाळ्यात टाकीत पाणी धरतं, ते फिल्टरच्या बुडाशी अडतं. ते आत गेलं तर मग खरोखरच उद्यमबाग गाठावं लागेल.

हातपंपाशिवाय हवा काढायची तर नवा फिल्टर स्वच्छ डिझेलनं काठोकाठ भरून बसवा. मग नोजलच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या) दोन पाइपांचे नट अर्धा आटा ढिले करा, हीटर (ग्लो प्लग) द्या आणि थोडा थोडा सेल्फ मारा. एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये बॅटरीला दम खाऊ द्या. नटाखालून बुडबुडे थांबून डिझेल आलं की आवळा.

जांबोटीकर

मामा, तुम्ही सांगितलं तसंच निघालं. फिल्टरच्या पुढं बुडबुडे, टाकीच्या बाजूला एकही नाही. मेस्त्रीला नळी दाखवली तेव्हा तोच म्हणाला पंप राहू दे. होज घालून सरळ जोडलं, आज वडिलांना सोडून आलो, पहिल्या सेल्फला चालू झाली. नवा हातपंप आला की काय काळजी घेऊ?

चोर्ला वळण

माझी कॉमन रेल डिझेल आहे, तीही सकाळी त्रास देते. नट ढिले करून हवा काढू काय?

निपाणीचा फिटर

चोर्ला वळण, नको! कॉमन रेलमध्ये सगळ्या नोजलना एकाच नळीतून डिझेल जातं, तिथं हजार बारच्या वर दाब जातो. ती बारीक धार कातडी भेदून आत जाते, वरून नुसता ठिपका दिसतो आणि आतून बोट सडतं. तसं झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी दवाखाना. गाडी स्कॅनर असलेल्याकडं न्या, रेलचा दाब किती येतो ते आधी बघू द्या.

जांबोटीकर, नवा पंप बसवताना बोल्टचे तांब्याचे वायसर नवे घाला. जुने दबलेले असतात, तिथूनही हवा घेते. बसवल्यावर पारदर्शक नळी परत एकदा लावून बघा. आणि तोवर जांबोटीच्या रस्त्याला जाताना एक पाना, दोन क्लिपा आणि वीतभर होज डिकीत असू द्या.