मदत हवी आहे : गोठ्यातली फियाट नेमकी कोणत्या सालची? ओळखायची कशी आणि अंधारात फोटो काढायचे कसे?

नमस्कार मंडळी. जुन्या गाड्यांमधले जाणकार इथे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. हाताशी जेमतेम तीन आठवडे आहेत.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. वाड्यामागच्या जुन्या गोठ्यात आजोबांची फियाट उभी आहे. मला कळायला लागल्यापासून ती जागची हललेली नाही. वर कडब्याच्या पेंढ्या, पुढे नांगराचे फाळ, आत कोंबड्या. आजोबांनी ती १९६३ साली साताऱ्यातल्या एका डॉक्टरांकडून जुनी घेतली होती, एवढं घरात सगळ्यांना पाठ आहे. गावात बाई अडली की रात्री-अपरात्री हीच गाडी निघायची. माझे वडीलसुद्धा आज्जीच्या मांडीवरून, दवाखान्यातून, हिच्यातच घरी आले.

दसऱ्यानंतर वाडा उतरवायचा ठरलाय. भंगारवाला येऊन बघून गेला आणि बारा हजार बोलला. तात्या (थोरले चुलते) म्हणतात, "ती काय आहे ते एकदा मला कागदावर दाखव, मग मी देत नाही." म्हणून ही धडपड.

घरात तिला सगळे 'डुक्कर फियाट'च म्हणतात. पण आमच्याकडे पद्मिनीच्या आधीच्या कुठल्याही फियाटला सर्रास डुक्कर म्हटलं जातं, त्यामुळे नावावरून काही ठरत नाही. मी जे वाचलंय ते असं : फियाटने ११००-१०३ हे मॉडेल १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात आणलं, आणि १९५४ पासून प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ते तयार होऊ लागलं. मागून गोल, आखूड डिकीची ती खरी 'डुक्कर'. नंतर एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, १९६४ ची डिलाइट, पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी.

आता आमच्या गाडीचं. पुढची जाळी नाही, तिथं कुणीतरी साधा पत्रा ठोकलाय. नावाची अक्षरं गेलीत. दोन्ही बंपर नाहीत. आरसी बुक सापडत नाही. नंबरप्लेट पुढची गेली, मागच्या प्लेटवरचा रंग उडालाय, पण पहिलं अक्षर 'बी' स्पष्ट दिसतं. म्हणजे पहिली नोंदणी मुंबई राज्याच्या काळातली, १९६० च्या आधीची, असं मी धरतो. पुढची दारं उलटी उघडतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दाराच्या बिजागऱ्या मधल्या खांबाशी समोरासमोर येतात. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. टायरवर ५.२०-१४ वाचता येतं.

गोंधळ झालाय तो काकूंच्या एका आठवणीने. काकू १९६८ साली लग्न होऊन याच गाडीतून आमच्या घरी आल्या. त्या ठामपणे सांगतात, "गाडीला तीन डोळे होते. मधला एकच, पिवळा." मी शोधलं तर इटलीतल्या 'तुरिस्मो वेलोचे' या जास्त ताकदीच्या ११०० ला जाळीच्या मधोमध तिसरा दिवा असायचा. आमची तीच असेल का? तसं असेल तर तिला हात लावायच्या आधी सगळं नोंदवून ठेवायला हवं.

दुसरी अडचण फोटोंची. गाडी काळी, गोठा काळोखा, एका बाजूला भिंतीपासून जेमतेम तीन फूट जागा. माझ्याकडे जुना डीएसएलआर आणि १८-५५ ची लेन्स आहे. फ्लॅश मारला की मडगार्डवर पांढरा डाग, बाकी सगळं काळं. लेन्स १८ वर नेली की नाक फुगतं आणि गाडी आहे त्यापेक्षा वेगळीच दिसते. अशा फोटोंवरून कोण काय ओळखणार? तात्या म्हणतात ट्रॅक्टर लावून बाहेर ओढू. ओढावी का? कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी ट्रॅक्टरचं. अजिबात ओढू नका. या गाडीला खाली वेगळी चेसिस नसते, तळाचा पत्रा आणि बॉडी एकसंध असते. इतकी वर्षं ओल खाल्लेल्या पत्र्याला साखळी लावून हिसका दिलात तर पुढचा भाग हातात येईल. ब्रेक धरलेले असणार. चाकं एकेक करून जॅकवर घ्या, ड्रम मोकळे करा, टायरमध्ये हवा टिकेना तर कुणाची तरी पद्मिनीची चाकं चार दिवस मागून घ्या, आणि मग सहा माणसांनी हातांनी ढकला.

आता ओळख. तुम्ही दिलेल्या खुणांपैकी उलट्या दारांवरून पद्मिनी बाद होते, पण बाकी काही ठरत नाही, कारण डिलाइटचीही पुढची दारं तशीच होती. हँडगिअर तर पद्मिनीलाही होता. ५.२०-१४ टायर पद्मिनीलाही होता. दोन चाकांमधलं अंतर मोजायच्या भानगडीत पडू नका, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत २३४० मिलिमीटरच राहिलं. इंजिनाच्या क्षमतेचीही तीच गत. इटलीत ११००-डी ला (म्हणजे आपली डिलाइट) १२२१ सीसी आलं, आपल्याकडे मात्र १०८९ सीसीच चालू राहिलं.

मागून बघा. सगळं उत्तर डिकीत आहे. मडगार्डची मागची कड डिकीबरोबर गोल उतरत खाली जाते का? की ती सरळ मागे येऊन टेललाइटच्या वर छोटा पंख निघाल्यासारखी उभी राहते? गोल उतरत असेल तर खरी डुक्कर. पंख असेल तर नंतरची लांब डिकीची. शिवाय टेप लावा. सुरुवातीच्या गाडीची एकूण लांबी ३७७५ मिलिमीटर, डिकी लांबवल्यावर ३९०० च्या पुढे गेली. तुमच्या गाडीला बंपर नाहीत, त्यामुळे आकडा थोडा कमीच येईल हे धरून चाला.

तिसऱ्या डोळ्याबद्दल मी सबुरीने घेईन. त्या काळी घाटात धुक्यासाठी पिवळा दिवा बसवून घ्यायची पद्धत होती, आणि डॉक्टरांच्या गाडीला तर हमखास. तेवढ्यावरून 'तुरिस्मो वेलोचे' ठरवू नका. काकूंच्या लग्नाचा अल्बम आहे का? नवरीची गाडी सजवलेली असते आणि फोटो समोरूनच घेतात.

चेसिस नंबरसाठी बॉनेट उघडून इंजिनामागच्या पत्र्यावर बघा. पॉलिश पेपर घासू नका, खोदलेले आकडे जातील. मऊ ब्रशने धूळ काढा, वर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा. आरटीओत ट्रान्सफरच्या वेळी एजंट प्रिंट काढतात ना, तसाच. तो कागद जपून ठेवा. ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' मालिकेची वेगळी नोंदणी आली आहे, तिथंही हाच नंबर लागेल.

प्रतिसाद २

फोटोंपुरतं लिहितो. धुऊ नका, पुसू नका, पहिला पूर्ण संच आहे तशाच गाडीचा घ्या. धुळीखाली अक्षरांच्या जागेची छिद्रं असतात, त्यांच्यातलं अंतरही पुरावा असतो.

फ्लॅश बंद. कॅमेरा ट्रायपॉडवर, नसेल तर विटांच्या ढिगावर. आयएसओ १००, एफ ८, आणि शटर दोन सेकंदांपासून वाढवत न्या. गाडी हलत नाही, घाई कसली? बटण हाताने दाबू नका, टायमर लावा. गोठ्याचं दार उघडं ठेवून समोरच्या भिंतीवर पांढरी चादर टांगा, उजेड परतून काळ्या पत्र्यावर मऊ पडतो आणि मडगार्डची गोलाई उठून येते. काळा रंग आणि क्रोम समोर जे असेल तेच दाखवतात, म्हणून समोर काय टांगता याला महत्त्व. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कापणारा फिल्टर) असेल तर काचेवरची चमक जाईल, क्रोमवरची जाणार नाही.

ओळखीचे फोटो ५५ वर, दिव्याच्या उंचीवरून. जागा नसेल तिथं १८ वर एक काढून ठेवा, पण आकार त्यावरून ठरवू नका. खोदलेल्या नंबरावर टॉर्च समोरून नको, अगदी आडवा धरा, सावलीमुळे आकडे उठतात. प्रत्येक जवळच्या फोटोत स्टीलची पट्टी ठेवा.

धागालेखक

दोघांचे मनापासून आभार. शनिवार-रविवार गावी होतो.

डिकी गोल उतरते. पंख नाही. पेंढ्या काढून मागे बसलो, चादर लावली आणि आठ सेकंदांच्या फोटोत ती कड इतकी स्पष्ट आली की तात्या स्क्रीनकडे बघत बराच वेळ गप्प उभे राहिले. लांबी बंपरशिवाय ३६६० भरली.

चेसिस नंबरचा प्रिंट निघाला, सहापैकी पाच आकडे वाचता येतात. शेवटचा ३ की ८ हे कळत नाही. पुढच्या वेळी आडवा टॉर्च लावून फोटो घेतो.

आणि अल्बम सापडला. काकूंनी ट्रंकेतून स्वतः काढून दिला. झेंडूच्या माळांमधून गाडीचं तोंड दिसतं. मधला डोळा खरोखरच आहे, पण जाळीत नाही, बंपरवर वेगळ्या पट्टीने बसवलेला. काकूंची आठवण बरोबर होती, माझा निष्कर्ष चुकला. म्हणजे ही साधी ११००-१०३, आणि माझ्या लेखी ती त्याने तसूभरही कमी झालेली नाही. त्याच फोटोत नंबरप्लेट पूर्ण वाचता येते. त्या नंबरावर आरटीओत जुनी नोंद मिळते का ते सोमवारी बघतो.

फोटो अल्बमच्या पानाला डिंकाने चिकटलाय, तो ओढून काढला नाही. अंगणात सावलीत पान सपाट ठेवून वरून प्रत घेतली, ती खाली जोडतोय. जाळीच्या आडव्या पट्ट्या मोजून कुणी साल आणखी जवळ आणू शकेल का? भंगारवाल्याला तात्यांनी काल फोन करून नको म्हणून सांगितलं. तिला ठेवायला चुलतभावाच्या पत्र्याच्या शेडमध्ये जागा झाली आहे, आता सहा माणसं आणि चार चाकं गोळा करतोय. कोरेगाव-रहिमतपूर भागात कुणाकडे पद्मिनीची चाकं असतील तर जरूर कळवा.