नाक्यावरचे दोन तास: मुलांची नोंद कशी घ्यावी?

वस्ती_अभ्यासिका: आमच्याकडे १३ ते १६ वयाची मुलं येतात. अभ्यासिका सातला बंद होते, पालक नऊनंतर घरी पोचतात. मधले दोन तास पोरं नाक्यावर. भांडणं, मोबाइल चोऱ्या त्याच वेळात होतात असं सगळे म्हणतात. नोंद घ्यायची तर नेमकं काय विचारायचं?

तासवार: नुसत्या मोकळ्या वेळाला दोष देऊ नका. अमेरिकी गुन्हे-अभ्यासक ऑसगुड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडलं ते असं: सोबत मित्र, जवळ जबाबदार मोठं माणूस नाही आणि हाती ठरलेलं काम नाही, हे तिन्ही जुळलं की धोका वाढतो. घरी एकटा लोळणारा यात येत नाही, प्रशिक्षकासमोर कबड्डी खेळणाराही नाही.

नोंदीची पद्धत गुन्हे-अभ्यासक विकस्ट्रॉम यांची घ्या. इंग्लंडमधल्या पीटरबरोत त्यांनी सुमारे ७०० मुलांना समोर बसवून चार दिवसांचा तासातासाचा हिशोब विचारला. तुम्ही शनिवार, रविवार आणि लगतचे शाळेचे दोन दिवस धरा. रकाने चार: कुठे, कोणासोबत, काय करत, मोठं कोण होतं.

"साधारण काय करतोस?" विचारलं की शाळा-क्लास-जेवण असं छापील उत्तर येतं. "काल क्लास सुटला, मग कुठे गेलास?" असं विचारा. आई शेजारी नको, नाहीतर सातच्या रकान्यात 'मित्राकडे अभ्यास' येतो. खरी नोंद अशी दिसते: ७ वाजता वडापावची गाडी, तिघं, ८ वाजता बंद गॅरेजमागे, पाच जण, त्यातला एक १९ वर्षांचा. त्या १९ वर्षांच्या पोराला 'मोठं माणूस' धरू नका. इथेच बहुतेक तक्ते फसतात.

परिवीक्षा: कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. चोरी-मारामारीचं विचाराल तर हे फार जपा. आणि तक्त्यावरून कुणावर शिक्का मारू नका: त्याच नाक्यावर उभी राहूनही, चोरी मनापासून चूक मानणारी मुलं क्वचितच त्यात पडतात. पीटरबरोतही हेच दिसलं.

वस्ती_अभ्यासिका: मग नऊपर्यंत दार उघडं ठेवून कॅरम मांडला तर?

तासवार: नुसता कॅरम मांडलात तर नाकाच आत येईल. स्वीडनमध्ये महोनी आणि स्टॅटिन या संशोधकांना २००० साली हेच आढळलं: ज्या युवा केंद्रांत ठरलेला कार्यक्रम नव्हता, तिथे जाणाऱ्या मुलांत गैरवर्तन जास्त होतं. सात ते नऊ एक ताई किंवा दादा पूर्णवेळ खोलीतच हवा, आणि वार ठरवून काम: सोमवारी सायकलदुरुस्ती, मंगळवारी ढोल.