मुरुमांचे काळे डाग : हायड्रोक्विनोनचं मलम लावू द्यावं का? मदत हवी आहे

रानजाई

धाकट्या बहिणीसाठी विचारते आहे. वय १९. मध्यंतरी तिच्या चेहऱ्यावर खूप मुरुम आले होते. आता बरेचसे बसलेत, अधूनमधून एखादी पुळी उठते. पण दोन्ही गालांवर आणि हनुवटीच्या कडेने डाग राहिलेत. गालावरचे तपकिरी आहेत. हनुवटीखालचे दोन-तीन मात्र निळसर राखाडी दिसतात आणि ते जराही फिके झालेले नाहीत.

मैत्रिणीने तिला एक ट्यूब दिली आहे. मैत्रिणीचा चेहरा त्याने महिनाभरात उजळला म्हणे. ट्यूबवर बारीक अक्षरांत हायड्रोक्विनोन ४ टक्के, ट्रेटिनॉइन ०.०५ टक्के आणि फ्लुओसिनोलोन असेटोनाइड ०.०१ टक्के असं छापलंय. शिवाय तिने ऑनलाइन एक लहानशी डबी मागवली आहे. तिच्यावर फुलांचं चित्र आणि 'सात दिवसांत फरक' अशी हमी आहे, पण आत काय आहे आणि ती कोणी बनवली याबद्दल अवाक्षर नाही. तिने दोन्हींतलं काही अजून लावलेलं नाही. मी कपाटात ठेवून दिलंय आणि त्यावरून घरात अबोला चालू आहे.

नुसतं 'लावू नकोस' म्हटलं तर ती ऐकणार नाही, आणि मला तिचं चूकही वाटत नाही. आरशात रोज तेच डाग बघावे लागतात तिला. तिला गोरं व्हायचं नाहीये, डाग जायला हवेत एवढंच तिचं म्हणणं आहे. तेव्हा 'हे नको, त्याऐवजी हे लाव' असं काहीतरी हातात द्यायला हवं. दाणेदार स्क्रबने रोज घासते. सनस्क्रीन लावत नाही, कारण चेहरा राखेसारखा पांढरट दिसतो.

माझाही एक प्रश्न यातच विचारून घेते. मला सातवा महिना चालू आहे, आणि वरच्या ओठावर व गालांवर वांग आले आहेत. मी काय लावू शकते?

पारिजात

रानजाई, आधी त्या डबीबद्दल, कारण ते सगळ्यांत तातडीचं आहे. ती उघडू नका, वास घेऊन बघू नका. घटक न छापलेल्या, झटपट उजळपणाची हमी देणाऱ्या क्रीममध्ये पारा सापडल्याची प्रकरणं जगभर आहेत. पारा मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, तयार होण्याची क्रिया अडवतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो आणि लोकांचा विश्वास बसतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो, मूत्रपिंडांना आणि मज्जासंस्थेला इजा करतो, आणि गर्भापर्यंतही पोचतो. लावणाऱ्या माणसाच्या हातांतून, टॉवेल-उशीतून घरातल्या इतरांनाही लागतो. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून लागू आहे. त्यात पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं बंद करायचं ठरलेलं आहे, तरी ती विकली जातात. छापील घटकांत कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक आयोडाइड यांपैकी काही दिसलं, किंवा 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना दिसली, तर ती वस्तू बाजूला ठेवायची. तुमच्या डबीवर तर काहीच छापलेलं नाही. जाड पिशवीत घट्ट बांधा, आणि घातक कचरा गोळा करायची सोय जिथे असेल तिथेच द्या.

आता ट्यूब. ते मलम बनावट नाही, खरं औषध आहे. १९७५ साली क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड एकत्र करून मिश्रण सुचवलं, त्याचंच हे सौम्य रूप. हायड्रोक्विनोन टायरोसिनेज नावाच्या एन्झाइमला रोखतं, म्हणजे नवा रंग कमी बनतो. ट्रेटिनॉइन वरचा थर लवकर बदलतं. फ्लुओसिनोलोन हे स्टेरॉइड या दोघांमुळे होणारी आग आणि लाली दाबतं. हे मिश्रण मुख्यतः वांगासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, साधारण आठ आठवडे वापरायचं असतं.

मैत्रिणीचा चेहरा महिनाभरात उजळला त्यात स्टेरॉइडचा मोठा वाटा असू शकतो. स्टेरॉइडने सूज बसते, चेहरा एकसारखा आणि नितळ दिसतो. पण ते चेहऱ्यावर लांबवलं की कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, तोंडाभोवती पुरळ येतं, मुरुमही वाढतात. बंद केलं की चेहरा लाल होऊन भडकतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. तुमच्या बहिणीला अजून पुळ्या येतात. तिच्या चेहऱ्यावर हे मलम परस्पर अजिबात नको.

शिशिर

थोडं वेगळं मत मांडतो. हायड्रोक्विनोनलाच वाईट ठरवू नये. मला मुरुमांच्या डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञांनी नुसतं हायड्रोक्विनोन, स्टेरॉइडशिवाय, दिलं होतं आणि उपयोग झाला. पण त्यांनी पहिल्याच भेटीत बंद करायची तारीख लिहून दिली होती. रात्री फक्त डागावर लावायचं, आजूबाजूला पसरलं तर डागाभोवती फिकं कडं उमटतं. सकाळी सनस्क्रीन नसेल तर लावूच नका, असं बजावलं होतं. ट्यूबमधलं मलम तपकिरी पडलं की फेकायचं. मुरुमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड चालू असेल तर दोन्ही एकावर एक नकोत, त्वचेवर तात्पुरता काळपट डाग पडतो.

भीती असते ती ऑक्रोनोसिसची. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं लावत राहिलं तर जिथला डाग घालवायचा तिथेच निळसर काळपट रंग बसतो, आणि तो निघणं फार अवघड. लोक तो जुनाच डाग समजून आणखी मलम चोपडतात. म्हणून बहुतेक डॉक्टर तीन-चार महिन्यांत थांबवून मध्ये खंड घेतात. युरोपीय संघाने २००१ पासून उजळपणाच्या प्रसाधनांत हायड्रोक्विनोनवर बंदी घातली आहे. अमेरिकेत २०२० नंतर ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

पारिजात

शिशिर, सहमत आहे. माझा आक्षेप दुसऱ्याची ट्यूब आणून लावण्याला आहे.

रानजाई, बहिणीला काय द्यायचं ते सांगते. सगळ्यांत आधी स्क्रब थांबवा. मुरुमानंतरचा डाग म्हणजे सूज आलेल्या जागी साचलेला जादा रंग. रोज घासलं की नवी सूज, आणि सूज आली की नवा रंग. सावळ्या त्वचेत हे जास्त होतं. पुळी नखाने फोडायची सवय असेल तर तीही सोडावी लागेल. लिंबू चोळणं तर नकोच, ऊन लागलं की त्याने भाजल्यासारखं होऊन नवे काळे पट्टे उमटू शकतात.

एकच घटक निवडायचा झाला तर मी तिच्यासाठी अझेलेइक अॅसिड निवडेन. ते मुरुमांवर आणि डागांवर दोन्हीकडे काम करतं, आणि जादा रंग बनवणाऱ्या पेशींवर त्याचा जोर असतो, आजूबाजूची निरोगी त्वचा फारशी फिकी होत नाही. १५ टक्क्यांचं जेल आणि २० टक्क्यांचं क्रीम औषध म्हणून मिळतं, त्याहून सौम्य १० टक्क्यांचंही असतं. सौम्यापासून सुरुवात करा. जोडीला ४-५ टक्के नायसिनामाइड चालेल. ते रंग बनणं थांबवत नाही, तयार झालेला रंग वरच्या पेशींत पोचणं कमी करतं, शिवाय त्वचा शांत ठेवतं. पण दोन्ही एका दिवशी सुरू करू नका. आग झाली तर कशाने झाली ते कळायला हवं ना?

लावायची पद्धत. आधी कोपराच्या आतल्या बाजूला, नाण्याएवढ्या जागेत, आठवडाभर दिवसातून दोनदा लावून बघा. तिथे खाज, पुरळ, सूज काही आलं नाही तरच चेहऱ्यावर. सौम्य फेसवॉशने धुऊन चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या. वाटाण्याएवढं क्रीम दोन्ही गाल आणि हनुवटीला पुरतं. नाकाच्या कडा, ओठांचे कोपरे आणि डोळ्यांखालची जागा सोडा. वरून मॉइश्चरायझर. पहिले दोन आठवडे एक रात्र सोडून एक रात्र, सोसलं की रोज.

सनस्क्रीनशिवाय यातलं काहीही टिकणार नाही. पांढरट दिसणं हा तिचा खरा अडथळा आहे, आणि त्यावर उपाय आहे: रंगछटा असलेलं सनस्क्रीन घ्या. त्यात आयर्न ऑक्साइड असतं. ते चेहऱ्याच्या रंगात मिसळतं आणि दिसणारा प्रकाशही अडवतं. सावळ्या त्वचेत डाग गडद व्हायला तो प्रकाशही कारण होतो, आणि साध्या सनस्क्रीनमधून तो पार जातो. एसपीएफ ३० किंवा जास्त, तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा येतील इतकं चेहरा आणि मानेला मिळून लागतं. बाहेर असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. खिडकीशी बसून अभ्यास करत असेल तरी लावायला सांगा, काचेतून यूव्हीए हे अतिनील किरण येतात.

कुंपणापलीकडे

निळसर राखाडी डागांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. तपकिरी रंग असतो वरच्या थरात, आणि तो थर साधारण महिन्याभरात बदलत असतो, म्हणून असे डाग काही महिन्यांत फिकट होतात. निळसर दिसतो तो रंग खाली उतरलेला असतो. तिथवर लावायची क्रीम फारशी पोचत नाहीत, वर्ष किंवा त्याहून जास्तही लागतं. बहिणीला हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर गाल सुधारतील, हनुवटी तशीच राहील, आणि ती निराश होऊन पुन्हा ट्यूबकडे वळेल. त्या दोन-तीन डागांसाठी त्वचारोगतज्ज्ञांना एकदा दाखवलंच पाहिजे. लेझर, पील (रसायनाने वरचा थर काढणं) वगैरे नवख्या हातांनी केलं तर सावळ्या त्वचेत डाग वाढतात, त्यामुळे जिथे कुठे जाल तिथे सावळ्या त्वचेचा अनुभव आहे का ते मोकळेपणाने विचारा.

आणि दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी एक फोटो काढायला सांगा. रोज आरशात बघून फरक कळत नाही.

पारिजात

तुमचं स्वतःचं राहिलं, रानजाई. गरोदरपणात हायड्रोक्विनोन नको, कारण ते त्वचेतून बऱ्याच प्रमाणात शरीरात शोषलं जातं. ट्रेटिनॉइन, अॅडापलीन, रेटिनॉल ही सगळी रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीची) मंडळीही नकोत. वांगासाठी ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर घेऊ नका. ते मुळात रक्तस्राव थांबवणारं औषध आहे, त्याने रक्ताच्या गाठी व्हायचा धोका असतो, आणि गरोदरपणात तो धोका तसाही वाढलेला असतो. अझेलेइक अॅसिड आणि नायसिनामाइड या काळात सुरक्षित मानतात, तरी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. रंगछटेचं सनस्क्रीन मात्र आजपासून लावा. हे वांग हार्मोन्समुळे आलेत, बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच जणींचे आपसूक फिकट होतात. उन्हाबरोबर उष्णताही त्यांना वाढवू शकते, म्हणून गरम वाफ, शेगडीसमोर फार वेळ उभं राहणं जमेल तेवढं टाळा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बहिणीला हे सगळं शेजारी बसवून वाचायला दिलं. डबी बांधून ठेवली आहे. ट्यूब ती मैत्रिणीला परत करणार आहे, आणि स्टेरॉइडबद्दल तिलाही सांगणार आहे, कारण मैत्रीण अजून लावतेच आहे. तिने एकदम बंद करावं का?

आणि बहिणीकडे क जीवनसत्त्वाचं सीरम आहे, ते पिवळट तपकिरी झालंय. चालेल का? अझेलेइक अॅसिडने चुरचुरलं तर कितपत सहन करायचं?

पारिजात

मैत्रिणीने बरेच महिने लावलं असेल तर एका दिवसात तोडू नये, चेहरा भडकतो. ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जावं. ते लावायचं प्रमाण हळूहळू कमी करून देतात किंवा स्टेरॉइड नसलेलं दुसरं मलम मध्ये देतात. लाज वाटून लपवू नये, डॉक्टरांना ट्यूब बघितल्यावरच नेमकं कळतं.

सीरम टाका. तपकिरी झालं म्हणजे त्यातलं एल-अॅस्कॉर्बिक अॅसिड हवेने बिघडलं, त्याचा उपयोग गेला. नवं आणायचंच असेल तर अझेलेइक अॅसिड अंगवळणी पडल्यावर, सकाळी सनस्क्रीनच्या आधी.

अझेलेइक अॅसिड लावल्यावर काही मिनिटं चुरचुरणं, हलकी खाज हे सुरुवातीच्या आठवड्यांत होतं आणि हळूहळू कमी होत जातं. मॉइश्चरायझर आधी लावून वर क्रीम लावलं तर आणखी सोसवतं. पण आग तासाभरानेही कमी झाली नाही, सालं निघू लागली, पापण्या किंवा ओठ सुजले, तर धुऊन टाका आणि थांबा. नव्या सुजेतून नवा डाग तयार होईल, तो सोसून काही मिळत नाही. तीन महिने नेमाने लावूनही गालावरचे डाग जराही फिके झाले नाहीत, किंवा एखादा डाग आकार बदलू लागला, एकाच डागात दोन-तीन रंग दिसू लागले, त्यातून रक्त आलं, तर क्रीम बदलत बसू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.