'हाय प्रेस'ला मराठीत काय म्हणाल? 'दबाव' लिहिलं तर अर्थ उलटा लागतोय

मासुंदा:
मंडळी, एक अडलंय. ई-स्पोर्ट्स फुटबॉलच्या एका सामन्याआधीचा लेख मराठीत करून द्यायचाय. ठाण्याचा एक संघ, नेरुळचा एक, आणि खेळ ईए स्पोर्ट्स एफसी, म्हणजे फुटबॉलचा व्हिडिओ गेम. दोघांची खेळायची तऱ्हा अगदी दोन टोकांची. नेरुळची पोरं ४-३-३ (चार बचावात, तीन मधे, तीन पुढे) लावतात, बचावफळी पार मधल्या रेषेपर्यंत वर चढवतात आणि चेंडू गेला रे गेला की तिथल्या तिथे परत मिळवायला तुटून पडतात. ठाणेकर ५-२-१-२ लावून आपल्या पेनल्टी बॉक्ससमोर ठाण मांडतात आणि चेंडू हाती आला की दोन-तीन पासांत थेट समोरचा गोलकीपर गाठतात.

मी लिहिलं, "नेरुळचा संघ दबावाचा खेळ खेळतो." आयोजकांचा फोन: "मॅडम, ते दबावाखाली खेळतात असं का लिहिलंय? ते तर फॉर्मात आहेत." दबाव टाकणारे ते आहेत हो, म्हटलं. "वाचताना तसं वाटत नाही." मग 'दबाव टाकणारा संघ' केलं, तर मागून कोणीतरी विचारलं, "कोणावर, नगरसेवकावर?"

तर नेरुळच्या ह्या 'प्रेस'ला शब्द सुचवा. ठाण्याच्या ठाण मांडण्याला इंग्रजीत 'लो ब्लॉक' म्हणतात, त्यालाही हवाय. 'काउंटर'ला 'प्रतिहल्ला' ठेवलाय, तो चालावा.

पारसिक:
'दबाव' हिंदीच्या वळणाचा आहे, तिथेच घोळ झाला. आपल्याकडे दाब आणि दडपण असे दोन वेगळे शब्द आहेत. दाब बाहेरून पडतो, दडपण आतून येतं. 'नेरुळचा संघ दाब देतो' लिहा, कोणाचा गैरसमज होणार नाही.

तळटीप:
रक्तदाब, हवेचा दाब, कुकरचा दाब. 'नेरुळचा संघ दाब देतो' वाचून मला शिट्टी ऐकू आली.

ऐरोलीकर:
रेटा! 'नेरुळकरांचा रेटा'. गर्दीत लोकलच्या दारात असतो तोच. रेटा देणारा कोण आणि खाणारा कोण हे कधी सांगावं लागत नाही.

आणि कबड्डीकडे कोणी बघतच नाही. आमचे सर मैदानाबाहेरून एकच ओरडायचे, "अंगावर जा! वाट कसली बघतोस!" चढाई करणारा आत आला की मागे सरकत बसायचं नाही, कोपऱ्यातल्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने साखळी धरून पुढे घुसायचं. इंग्रजीत हे आत्ता शोधून काढल्यासारखं सांगतात. 'अंगावर जाणारा संघ' लिहा.

सीवूड्स४२:
हे सगळं कोण बोलतं पण? आम्ही 'प्रेस मार' बोलतो. विषय संपला.

पारसिक:
'म्हणतो'. बोलतो नव्हे. आणि 'प्रेस मार' म्हणजे शर्टाला इस्त्री कर.

सीवूड्स४२:
काका, शर्टाला पण मारतो आणि समोरच्याला पण मारतो 😄

पण ताई, एक सांगतो, नुसतं 'प्रेस' लिहून लेख अर्धाच राहील. गेममध्ये ते कसं होतं बघा. कंट्रोलरवरचं आर-वन बटण दाबून धरलं की तुमचा दुसरा प्लेयर आपोआप बॉलवाल्याच्या अंगावर जातो (ऐरोलीकर काकांचा शब्द चपखल बसतोय, मानलं). तुम्ही स्वतः पहिला प्लेयर हातात ठेवून पासची लेन बंद करायची. पण हा दुसरा ज्याला मार्क करत होता तो मोकळा सुटतो. ठाणेवाल्यांना तोच पास हवा असतो. त्यांचा मागचा माणूस मुद्दाम बॉल धरून ठेवतो, नेरुळवाले दोघं धावत येतात, आणि बॉल तिसऱ्याकडे. वर नेरुळची डिफेन्स लाइन इतकी पुढे, की मागे अर्धं मैदान रिकामं. एक लांब थ्रू बॉल टाकला की झालं.

शिवाय टॅक्टिक्समध्ये 'अग्रेसिव्ह' ठेवून तासभर प्रेस मारला की सत्तराव्या मिनिटाला कडेने धावणाऱ्या विंगरच्या स्टॅमिनाची पट्टी लाल. मॅच खरी तिथून सुरू होते. माझ्या मते नेरुळने पहिल्या हाफमध्ये दोन मारले नाहीत तर ठाणे जिंकतं.

मासुंदा:
हे माझ्या लेखात हवंच होतं, मूळ इंग्रजीत नव्हतं. पण 'तासभर' कसा? आख्खी मॅच बारा मिनिटांची ना?

सीवूड्स४२:
गेमच्या घड्याळातला तास ओ.

तळटीप:
म्हणजे 'तास' शब्दाचीही चर्चा आली. असो. 'काउंटर'बद्दल: 'प्रतिहल्ला' म्हणजे आधी हल्ला झाला, मग उलटून मारलं, एवढंच. ठाणेकर तर समोरच्याला मुद्दाम आत ओढतात. ह्याला आपल्याकडे तयार शब्द आहे, गनिमी कावा.

'कावा' म्हणजे मुळात घोड्याला गोल गोल फिरवणं, रिंगण. हिंदीतही 'कावा देना' आहे. घोडा असा भोवती फिरवत समोरच्याला चकवायचं, त्यावरून तो डावपेच झाला. आणि 'गनीम' अरबी, शत्रू. मोगलांनी मराठ्यांना ठेवलेलं नाव. शत्रूची शिवी आपण अभिमानाने मिरवली, भाषेत असं क्वचितच होतं.

पारसिक:
शत्रूची शिवीच मिरवायची तर मग 'काउंटर'ने काय घोडं मारलंय? आणि सोसायटीतल्या पोरांनी एसीत बसून खेळलेल्या खेळाला गनिमी कावा म्हणायचं? शब्दाची काही पत असते.

तळटीप:
'घोडं मारलंय' छान जमलं. पण मग 'डावपेच'ही टाकून द्या, त्यातला 'पेच' फारसी आहे. 'हल्ला'सुद्धा संस्कृत नाही. उरेल ते घेऊन सामना खेळून दाखवा.

पारसिक:
मी संस्कृतचा आग्रह धरलेलाच नाही. आहे ते वापरा, एवढंच म्हणतोय. मासुंदाताईंनी स्वतःच वर लिहिलंय, 'ठाण मांडतात'. 'लो ब्लॉक'ला तोच शब्द! ठाण म्हणजे स्थान. ठाणे शहराचं जुनं नाव श्रीस्थानक, शिलाहारांच्या काळातलं. ठाण्याचा संघ ठाणबंद खेळतो, ह्याहून चांगलं काय मिळणार?

सीवूड्स४२:
बस लावली बोलतात. सॉरी, म्हणतात. चेल्सीचा तेव्हाचा कोच मोरिन्यो, त्याचा डायलॉग आहे. २००४ मध्ये टॉटनहॅमने चेल्सीला ०-० वर अडवलं, तेव्हा तो बोलला होता की ह्यांनी बस आणली आणि गोलसमोर लावून ठेवली. आता सगळं जग बोलतं.

ऐरोलीकर:
ठाण्याचा संघ म्हणजे टीएमटी लावणार. एनएमएमटी नेरुळवाल्यांकडे.

फडताळ:
दोन दिवसांनी धागा वाचला, तुम्ही कुठल्या कुठे पोचलात! बसच्या बऱ्याच आधी इटलीत ह्याच खेळाला 'कातेनाच्चो' म्हणत. अर्थ दाराची कडी, खिटी. हेलेनियो हेरेराच्या इंटर मिलानने १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोन युरोपियन कप असा बचाव करत जिंकले. त्यांना दाराचा शब्द चालला, मग आपण 'अडसर' का घेऊ नये?

आमच्या माहेरच्या घराला अडसर होता. दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत भोकं. रात्री एका भोकातून जाड सागवानी वासा सरकवायचा, तो दारामागून आडवा जाऊन पलीकडच्या भोकात बसायचा. सकाळी तो परत ढकलताना भिंतीतून घरघर आवाज यायचा, त्यानेच आम्हा मुलांना जाग यायची. दाराला बाहेरून चार माणसांनी खांदा लावला तरी हलायचं नाही. ठाण्याच्या पाच बचावपटूंचं चित्र मला तरी ह्यात नीट दिसतं.

तळटीप:
सुंदर. पण आज 'अडसर' म्हटलं की लोकांना फक्त 'अडथळा' कळतो. 'भूसंपादनाचा अडसर दूर'. 'ठाण्याने अडसर लावला' वाचून मेट्रोचं काम रखडल्यासारखं वाटेल.

फडताळ:
वापरला नाही म्हणून विसरले. वापरा, आठवेल.

ऐरोलीकर:
एक वेगळं विचारतो. ह्या सगळ्याला 'खेळ' म्हणायचं का आपण? बोटं हलवणं हा खेळ?

सीवूड्स४२:
झालं सुरू. काका, २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय होतं, हांगझोऊमध्ये चक्क मेडल दिली. त्यात एफसी ऑनलाइन पण होतं, फुटबॉलच. आयएसएलने, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगने, २०२१ मध्ये क्लबांची ई-लीग काढली. आणि तुमच्या कबड्डीला 'मातीतला खेळ' बोलतात, पण ती आता मॅटवर असते.

ऐरोलीकर:
मॅटबद्दल बोलायचं नाही.

मासुंदा:
आयोजकांचा 'ई-स्पोर्ट्स' शब्दावर हट्ट आहे, त्याला कारण आहे. २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा केंद्राचा कायदा आला. पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी, ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता. तेव्हापासून 'ऑनलाइन गेमची स्पर्धा' म्हटलं की पालक विचारतात, जुगार आहे का? त्यामुळे 'ऑनलाइन' आणि 'गेम' हे दोन्ही शब्द लेखात नकोत अशी सूचना आहे.

पारसिक:
मग 'ई-क्रीडा' करा. महापौर हा शब्दही नवा होता तेव्हा लोक हसलेच होते.

तळटीप:
'क्रीडा' फक्त पुरवणीत आणि पुरस्कारात राहते. "आई, मी क्रीडेला जातो" असं म्हणणारं पोर दाखवा.

मासुंदा:
सीवूड्स, त्या इंग्रजी लेखात एक 'स्वेटी गोल' आहे. काय असतं ते?

सीवूड्स४२:
गोलकीपरसमोर दोघं असतात. स्वतः मारायचं नाही, बाजूच्याला सरकवायचा, तो रिकाम्या जाळ्यात टॅप करतो. कीपर बिचारा पहिल्याकडे झेपावलेला. समोरच्याची खूप जळते. जिंकायचंच आहे म्हणून घाम गाळून, काही स्टाइल न दाखवता मारलेला गोल, म्हणून स्वेटी.

ऐरोलीकर:
घामट गोल.

फडताळ:
शी! पण लक्षात राहील.

पारसिक:
ह्याला 'आयता गोल' म्हणतात. आयत्या बिळावर नागोबा.

तळटीप:
'आयता' मध्ये मारणाऱ्याचे कष्ट शून्य. इथे तर घाम गाळलाय. उलटा अर्थ झाला.

सीवूड्स४२:
आणि ताई, प्लीज 'गोल स्वीकारला' लिहू नका. पेपरात येतं, "मुंबईने दोन गोल स्वीकारले".

ऐरोलीकर:
स्वीकारायला काय पुष्पगुच्छ आहे? गोल खाल्ला.

तळटीप:
'गोल खाल्ला' मराठी आहे का पण? बंगालीत सर्रास 'गोल खाल्ला' म्हणतात आणि फुटबॉल त्यांचा. मला वाटतं तिकडून हिंदीत आणि तिथून आपल्याकडे.

पारसिक:
इथे मी ऐरोलीकरांच्या बाजूने. मराठी माणूस मार खातो, शिव्या खातो, बोलणी खातो, गटांगळ्या खातो. गोल खायला त्याला कोलकात्याला जावं लागत नाही.

तळटीप:
पैसे राहिले.